मातीचे डोहाळे आणि लोहाचे औषध

पोटाची भूक व जिभेची ओढ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मनुष्यास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भूक अन्न मागते. ओढ कित्येकदा जे अन्नच नव्हे त्याची मागणी करते. चुलीची भाजकी माती, भिंतीचा पोपडा, खापरीचा तुकडा, कोळसा, खडू, पाटीवरची लेखणी, पहिल्या पावसाने भिजलेले ढेकूळ, या पदार्थांना आपल्या स्वयंपाकशास्त्रात स्थान नाही. तथापि ते खाणारी माणसे प्रत्येक गावात असतात आणि बहुतेक सर्व चोरून खातात. गर्भिणीने खाल्ल्यास आपण त्याला डोहाळे म्हणतो, मुलाने खाल्ल्यास खोड म्हणतो, आणि प्रौढ स्त्रीने खाल्ल्यास त्याविषयी बोलतच नाही. या ओढीचा व तिच्यावरील उपायांचा इतिहास थोडक्यात वाचकांपुढे ठेवावा, असा या लेखाचा हेतू आहे. हा इतिहास पुष्कळ अंशी लोहाच्या औषधाचा इतिहास आहे, आणि त्याची एक वाट चांदा जिल्ह्याच्या अरण्यातून, मूलसारख्या धानाच्या गावावरून जाते.

आहारविकृती हा शब्द हल्ली कानावर पडतो तो बहुधा अन्न टाळणाऱ्या रोग्यांच्या संबंधाने. पॅरिसच्या लासेग या वैद्याने १८७३ साली व लंडनच्या सर विल्यम गल यांनी १८७४ साली या रोगाची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हापासून पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष त्याकडे लागले. त्यावरील उपायांत आता यंत्रांचाही शिरकाव झाला आहे. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी असा तराजू सिद्ध केला की, त्यावर ताट ठेवून रोगी जेवू लागला म्हणजे तो किती व किती वेगाने खात आहे याची रेषा पडद्यावर उमटत जाते आणि योग्य वेगाच्या रेषेशी आपली रेषा जुळवीत त्याने जेवावयास पुन्हा शिकावयाचे असते. युक्ती मोठी नामी आहे. परंतु असल्या हकीकती वाचून आपल्याकडील वाचकाचा असा ग्रह होण्याचा संभव आहे की, आहारविकृती हा भरल्या ताटांच्या देशांचा रोग असून झाडीपट्टीतल्या धान लावणाऱ्या बाईशी त्याचा काही संबंध नाही. तसे नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ साली रोगांची जी सुधारलेली वर्गवारी प्रसिद्ध केली, तिच्यात अन्न टाळण्याच्या रोगाच्या शेजारीच, त्याच प्रकरणात, अखाद्य पदार्थ खाण्याच्या विकृतीची गणना केलेली आहे. ही ओढ किमान महिनाभर टिकलेली असावी, ती वयाला न शोभणारी असावी आणि समाजाच्या रूढीचा भाग नसावी, अशा अटी तेथे घातल्या आहेत.

या विकृतीला त्यांनी दिलेले नाव ‘पायका’. लॅटिन भाषेत हे एका पक्ष्याचे नाव आहे. काय मिळेल ते चोचीत उचलणारा अशी त्या कावळ्याच्या जातभाईची ख्याती होती. त्याच कुळातला, लांब शेपटीचा, तांबूस रंगाचा एक पक्षी आपल्या रानात आढळतो. मराठीत त्याला टकाचोर म्हणतात. नावातला चोर या रोगाच्या रोग्यांनाही लागू पडावा, ही दुःखाची गोष्ट आहे. कारण चोरून खावे लागते म्हणूनच हा रोग वैद्यापर्यंत पोहोचत नाही.

आपल्या पूर्वजांना मात्र तो चांगला परिचित होता. भागवताच्या दशम स्कंधातील बाळकृष्णाच्या मृद्भक्षणाची कथा घरोघर ठाऊक आहे. कालिदासाने रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा सुगंध येत असल्याचे वर्णिले आहे. म्हणजे राजवाड्यातही मातीचे डोहाळे होतच होते व कवीला त्यात लपविण्यासारखे काही वाटले नाही. वैद्यांनी मात्र या गोष्टीकडे कौतुकाने न पाहता रोगाचे कारण म्हणून पाहिले. चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी पाचवा केवळ मृत्तिकाभक्षणाने होणारा आहे. तुरट माती वाताला, खारट माती पित्ताला व गोड माती कफाला प्रकुपित करते. पोटात गेलेली माती पचत नाही, ती न पचताच शरीरातील स्रोतसे भरून टाकते व त्यांचा मार्ग रोधते. मग बल, वर्ण व अग्नी यांचा नाश होतो, अशी तेथील उपपत्ती आहे. माती न पचता वाट अडविते, ही कल्पना वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा पुन्हा उल्लेख येणार आहे.

चरकाने सांगितलेली चिकित्सा तीन पायऱ्यांची आहे. प्रथम पोटातली माती तीक्ष्ण शोधनाने बाहेर काढावी. नंतर बल देणारी औषधी घृते द्यावीत. आणि रोग्याची ओढ इतकी प्रबळ असेल की तो माती सोडीतच नाही, तर त्याला मातीच द्यावी. पण ती वावडिंग, वेलदोडा, अतिविष, कडुनिंबाचा पाला, पहाडमूळ, कुटकी, कुडा असल्या द्रव्यांची भावना दिलेली असावी, म्हणजे रोग्याच्या मनात तिच्याविषयी द्वेष उत्पन्न होईल व मातीचा दोषही नाहीसा होईल. नावडीची सवय लावून ओढ मोडण्याची जी पद्धत विसाव्या शतकातील मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मांडली, तिचेच हे साधे रूप होय. यात आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वैद्याने रोग्याला रागे भरलेले नाही. हा मनुष्य मोहामुळे थांबू शकत नाही, हे त्याने गृहीत धरले आहे व उपाय त्या मोहाशी जुळवून घेतला आहे.

पांडुरोगाचे प्रमुख औषध मात्र लोह. नवायस चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, वावडिंग व चित्रक ही नऊ द्रव्ये समभाग व त्यांच्या बरोबरीने नऊ भाग लोहचूर्ण असे मिश्रण मध व तुपाबरोबर घेण्यास सांगितले आहे. दुसरे औषध मंडूर. मंडूर म्हणजे लोखंड गाळताना भट्टीत निघणारे कीट. ते तापवून गोमूत्रात पुनःपुन्हा विझवावयाचे व वस्त्रगाळ होईपर्यंत खलावयाचे, अशी कृती आहे. रसशास्त्राचे ग्रंथकार सांगतात की, शंभर वर्षांचे जुने कीट उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम व साठ वर्षांचे कनिष्ठ. यावरून असे दिसते की, औषधाच्या दुकानाइतकेच जुन्या भट्ट्यांच्या उकिरड्यांकडेही वैद्याचे लक्ष असे. मातीच्या रोगावरचे औषध लोहाराच्या भट्टीत तयार होत होते.

आता चांद्याकडे वळू. लोखंड गाळण्याच्या असल्या भट्ट्या ज्या प्रदेशांत होत्या, त्यांत हा जिल्हा पुढे होता. मूल हे त्यातील एक जुने ठाणे. १८७४ साली चांदा जिल्ह्याच्या मूल, वरोरा व ब्रह्मपुरी अशा तीन तहसिली करण्यात आल्या. पुढे १८९५ साली मूलचे मुख्य ठाणे चांद्यास हलले. त्या वेळच्या जिल्ह्याचा पूर्वेकडील अफाट भाग २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोली या नावाने स्वतंत्र जिल्हा झाला आहे. या साऱ्या मुलखात तलावांच्या पाण्यावर धान पिकते आणि डोंगरांत लोखंड आहे. लोहारा, पिंपळगाव, देवळगाव ही नावे भूगर्भशास्त्रज्ञांच्या जुन्या अहवालांत वारंवार येतात. सुरजागडच्या डोंगरातून तर आजही खनिज निघत आहे. रानातले लोखंड गाळणारे मातीची लहान भट्टी उभारीत, लाकडी कोळसा व खनिज यांचे थर देत आणि भात्याने वारा घालीत. भट्टीतून गोळा निघे तो लोखंडाचा, व बाजूस पडे ते कीट.

या खनिजाची कीर्ती एका परदेशी तज्ज्ञाच्या लेखणीने दूरवर गेली. रिटर फॉन श्वार्ट्झ या गृहस्थांचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. नागपुरात त्यांची एम्प्रेस गिरणी १८७७ पासून चालू होती. तेव्हा नागपूरच्या इतक्या जवळ लोखंड व वरोऱ्यास दगडी कोळसा हे वाचून त्यांच्या मनात पोलादाच्या कारखान्याची कल्पना मूळ धरू लागली. सरकारच्या अटी जाचक असल्यामुळे ती लांबली. १९०४ साली दोराबजी टाटा व वेल्ड नावाचे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ यांनी चांद्याच्या रानाचा शोध घेतला, पण खनिज व कोळसा यांचा किफायतशीर मेळ बसेना. त्याच वर्षी जमशेटजी निवर्तले आणि कारखाना पुढे सिंहभूमात उभा राहिला. चांद्याचे लोखंड डोंगरातच राहिले.

हे लोखंड पायाखाली असणाऱ्या माणसांच्या रक्तात लोह पुरेसे आहे काय, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. विचारता आलाही नसता, कारण मोजण्याचे साधन नुकतेच कोठे निघत होते. प्रौढ माणसाच्या सर्व शरीरात लोह असते अवघे ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे एका लहान खिळ्याइतके, व त्याचा दोन-तृतीयांश भाग रक्तात असतो. एका गर्भारपणात स्त्रीला सुमारे १ ग्रॅम लोह जास्तीचे लागते. हे एवढेसे लोह अन्नातून मिळत नाही म्हणून स्त्रिया पांढऱ्या पडतात व बाळंतपणात दगावतात. लाल मातीत लोह असते, मग ती खाल्ल्याने ही तूट भरून निघेल, असे कोणास वाटेल. परंतु मातीतील लोह ज्या रूपात असते ते आतड्यात विरघळत नाही व रक्तात उतरत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकही चरकाच्याच वाटेने चालले. सतराव्या शतकात सिडनहॅम हे इंग्रज वैद्य पांढऱ्या पडलेल्या तरुणींना लोखंडाचा कीस मद्यात घालून देत. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ब्लो नावाच्या फ्रेंच वैद्याने लोहक्षाराच्या गोळ्या प्रचारात आणल्या व त्या पुढे शंभर वर्षे खपल्या. आपल्या देशातील मृद्भक्षणाची पहिली शास्त्रीय पाहणी डेव्हिड हूपर व हॅरल्ड मॅन या दोघांनी केली. त्यांचा प्रबंध १९०६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला. यांतील मॅनसाहेब नंतर पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले व दख्खनमधील एका खेड्याच्या अभ्यासामुळे महाराष्ट्रात त्यांचे नाव झाले. बंगालात गर्भिणींसाठी पातखोला नावाच्या भाजलेल्या मातीच्या चकत्या मिळतात; तेथे ही ओढ बाजारात उघडपणे बसलेली आहे. आमच्याकडे ती पदराआड आहे, एवढाच फरक.

गर्भिणीच्या पांडुरोगाला लोहाशिवाय दुसरेही कारण असू शकते, हे मुंबईत सिद्ध झाले. लूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली येथे आल्या व गिरणगावातील गरीब गर्भवतींच्या रक्ताचा त्यांनी अभ्यास केला. लोहाला दाद न देणारा एक पांडुरोग यीस्टच्या सत्त्वाने बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली दाखविले. हे सत्त्वातले द्रव्य म्हणजे आज ज्याला फॉलिक आम्ल म्हणतात ते. पुढे लोहाच्या गोळीबरोबर फॉलिक आम्ल जोडले गेले आहे.

मातीमुळे पांडुरोग होतो की पांडुरोगामुळे मातीची ओढ लागते, या वादाचा निकाल मात्र अजून पुरता लागलेला नाही. मूळचे बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणातील शिराझ येथे १९६१ साली जे रोगी वर्णिले, ते दररोज मोठ्या प्रमाणात माती खात, त्यांच्या रक्तात लोह अत्यल्प होते व त्यांची वाढ खुंटलेली होती. जस्ताच्या उणिवेचा शोध याच निरीक्षणातून पुढे लागला. त्यापूर्वी १९५९ साली दक्षिण आफ्रिकेतील लान्झकोव्स्की यांनी माती खाणाऱ्या मुलांना लोहाची इंजेक्शने दिली, तेव्हा एक-दोन आठवड्यांत त्यांची ओढ थांबली. उलट १९६२ साली अमेरिकेत गुटेलियस यांनी काही मुलांना लोह व काहींना नुसते पाणी टोचले, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मुलांकडे कोणीतरी आस्थेने लक्ष देत आहे याचाच गुण दोन्हीकडे आला असावा, असे म्हणावयास जागा राहिली. १९६८ साली तुर्कस्तानातील मातीवर प्रयोग झाले व ती माती पोटात असता लोहाचे शोषण अडते असे आढळले. न पचलेली माती वाट अडविते या चरकाच्या विधानाची येथे आठवण होते. निदान इतके म्हणता येते की, हे एक चक्र आहे. लोह उणे झाले की पुष्कळांना मातीची ओढ लागते. माती पोटात गेली की उरलेसुरले लोहही रक्तात पोहोचत नाही. ते तोडावयाचे तर लोह द्यावे लागेल आणि मातीही सोडवावी लागेल. यांपैकी एकच केल्यास दुसरे ते पुन्हा जोडून घेते.

चक्र तोडण्यास आधी ते दिसले पाहिजे, व ते दाखविण्याचे काम यंत्रांनी केले. १९०० साली फिनलंडच्या टालक्विस्ट यांनी टीपकागदावर रक्ताचा थेंब टिपून त्याचा रंग छापील लाल छटांशी ताडून पाहण्याची रीत काढली. १९०२ साली बर्नच्या साली यांनी अधिक काटेकोर उपकरण केले. नळीतील सौम्य आम्लात मोजके रक्त सोडले की ते तपकिरी होते. मग शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत त्यात थेंब थेंब पाणी घालावयाचे व नळीवरचा आकडा वाचावयाचा. आपल्या इस्पितळांत या नळीने कित्येक दशके सेवा केली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने छटांचा कागदी पट्टा काढला, आणि अलीकडे बोटाला टोचून पट्टीवर घेतलेल्या एका थेंबावरून हिमोग्लोबिनचा आकडा क्षणात दाखविणारे, हातात मावणारे यंत्र उपकेंद्रातल्या परिचारिकेपर्यंत पोहोचले आहे. गर्भिणीचा आकडा ११ च्या खाली, व इतर स्त्रीचा १२ च्या खाली गेला की पांडुरोग समजावा. केंद्र सरकारने १९७० साली लोहाच्या गोळ्यांची योजना सुरू केली व २०१८ साली ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने तिला नवे रूप दिले. तथापि २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के व महाराष्ट्रात ५४ टक्के पांडुरोगी आढळल्या. गोळ्या वाटून अर्धशतक लोटल्यावर हा आकडा मिळाला, याचा विचार व्हावयास हवा.

चंद्रपूर-गडचिरोलीत या विचाराला आणखी एक अडचण आहे, आणि ती जिवावरची आहे. येथे सिकलसेल नावाचा आनुवंशिक रक्तदोष पुष्कळ कुटुंबांत आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर मरतात व बारीक वाहिन्यांत अडकून असह्य वेदना उत्पन्न करतात. शिकागोच्या हेरिक यांनी १९१० साली त्याचे वर्णन केले. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला, व मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली लिहिले. हा रोगीही पांढरा दिसतो आणि यंत्रावर त्याचाही आकडा खालीच येतो. इतकेच नव्हे, तर अमेरिकेत तपासलेल्या सिकलसेलच्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले अखाद्य पदार्थ खात असल्याचे आढळले. म्हणजे मूलच्या दवाखान्यात एखादी स्त्री माती खाते असे समजले, तर तिच्या रक्तात लोह उणे असेल, किंवा तिला सिकलसेल असेल, किंवा दोन्ही असतील. पहिलीला लोह हवेच. दुसरीला वारंवार रक्त द्यावे लागत असेल, तर तिच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते व अधिक लोह तिला अपायकारक ठरते. तिसरीला लोह हवे, पण वैद्याच्या देखरेखीखाली. तिघींचे बाह्य रूप एकच. भेद दाखविते ती परीक्षा. ही परीक्षा अवघड नाही. रक्ताचा थेंब ठरावीक द्रावणात टाकला असता सिकलचे हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ राहते, नसल्यास स्वच्छ दिसते; गढूळ राहिल्यास पुढील तपासणीने रोगी कोण व केवळ वाहक कोण हे ठरते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात अशा तपासण्या मोठ्या प्रमाणावर आरंभिल्या गेल्या.

ही अडचण केवळ पुस्तकी नव्हे, हे तांदळाच्या प्रकरणात दिसून आले. मूलची ओळख धानाच्या बाजारपेठेची व तांदळाच्या गिरण्यांची. उखळात कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा थर काही अंशी राही. गिरणी तो घासून काढते व त्याबरोबर पुष्कळसे पोषक अंशही कोंड्यात जातात. यंत्राने काढले ते यंत्रानेच परत द्यावे, अशी कल्पना पुढे आली. तुकडा तांदळाचे पीठ करून त्यात लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ ही द्रव्ये मिसळावयाची, तो गोळा साच्यातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडावयाचे, आणि असा एक दाणा साध्या शंभर दाण्यांत मिसळावयाचा. केंद्र सरकारने २०१९-२० मध्ये काही राज्यांतील एकेक जिल्हा निवडून रास्त भावाच्या दुकानांतून हा तांदूळ देण्याचा प्रयोग आरंभिला, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोलीची निवड झाली. ज्या मुलखातील लोखंडाच्या अहवालाने पोलादाच्या स्वप्नाला चालना दिली, त्याच मुलखात सव्वाशेहून अधिक वर्षांनी लोह बाहेरून, धान्याच्या पोत्यातून, औषध म्हणून आले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ही योजना देशभर लागू करण्याची घोषणा झाली.

त्या तांदळाभोवती दोन वाद उठले. पाण्यात हे दाणे निराळे दिसत, म्हणून ठिकठिकाणी बायका ते ‘प्लॅस्टिकचे तांदूळ’ समजून निवडून टाकीत. म्हणजे औषधच खडा म्हणून बाहेर जाई. दुसरा वाद अधिक गंभीर होता. लोहयुक्त अन्नाच्या वेष्टनावर ‘सिकलसेलच्या रोग्यांनी हे सेवन करू नये’ अशी सूचना छापण्याची अट २०१८ च्या नियमांत होती. पण रास्त भावाच्या दुकानात धान्य सुटे मोजून मिळते, तेथे वेष्टनावरची सूचना कोणी वाचावी? पुढे तज्ज्ञांनी पुरावा तपासला व इतक्या अल्प लोहाने अपाय होतो असे दिसत नाही या कारणास्तव २०२४ साली ती सूचना अनावश्यक ठरविण्यात आली. तज्ज्ञांचा हा निर्णय आम्ही अमान्य करीत नाही. परंतु अशा तांदळाच्या प्रयोगांचा जगभरचा जो आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्याचेही सांगणे असे की, लोहाची उणीव त्याने कमी होत असावी, पण पांडुरोगाच्या प्रमाणात त्याने फारसा फरक पडत नसावा. तेव्हा सर्वांना सारखा दाणा वाटून हे प्रकरण मिटत नाही, एवढे उघड आहे.

याचे कारण आमच्या मते हे की, येथवर आलेली सर्व साधने रक्ताकडे पाहतात. ओढीकडे पाहणारे साधन त्यांत एकही नाही. स्टॉकहोमचा तराजू रोग्याच्या खाण्याकडे पाहतो, म्हणून तो आहारविकृतीचे यंत्र ठरतो. आपले यंत्र थेंबाचा आकडा सांगून थांबते. आकडा ८ आला, गोळ्या दिल्या, नोंद झाली; पण ती बाई रोज दुपारी चुलीमागची माती खात असेल, तर गोळीतले लोह त्या मातीबरोबर वाया जाण्याचा संभव आहे, आणि पुढच्या महिन्यात आकडा पुन्हा ८ च येईल. मग परिचारिका समजेल की हिने गोळ्या फेकल्या, व बाई समजेल की गोळ्यांत गुण नाही. दोघीही आपापल्या परीने प्रामाणिक असतील. मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात हे वेगळेच, आणि अंकुशकृमी झाले तर ते आतड्यात बसून रक्तच पितात.

चरकाच्या काळी स्वतःच्या इंद्रियांखेरीज पाहण्याचे साधन नव्हते, म्हणून वैद्याला विचारावे लागे. आणि त्याने विचारले म्हणूनच मृत्तिकाभक्षणाने होणारा पांडुरोग त्याला निराळा ओळखता आला. आपल्या हाती साधने आली व प्रश्न सुटून गेला. जुने वैद्यक श्रेष्ठ व नवे कनिष्ठ असे यावरून कोणी म्हणू नये. सिकलसेल चरकाला ओळखता येणे शक्य नव्हते, आणि आजच्या परीक्षेवाचून चंद्रपूर-गडचिरोलीत लोहाची मात्रा ठरविणे हा अंधारातला व्यवहार होईल. परंतु परीक्षा कोणाची करावयाची, गोळी कोणाला लागू पडत नाही व का पडत नाही, हे कळावयास तो जुना प्रश्न यंत्राच्या शेजारी पुन्हा आणून बसविला पाहिजे.

हे काम अशक्य मुळीच नाही. गर्भिणीच्या नोंदीच्या कार्डावर वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिन यांचे रकाने आहेत. त्यांखाली ‘माती, खडू, कोळसा, कच्चे तांदूळ यांची ओढ लागते काय’ असा एक रकाना घालता येईल. कच्च्या तांदळाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण धानाच्या मुलखात ही ओढ पुष्कळदा त्या रूपाने प्रकट होते व घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. आज आशा कार्यकर्तीच्या हाती दूरध्वनीयंत्र आहे आणि तिच्या नोंदी त्यातून वर जातात. त्यात हा एक प्रश्न वाढविण्यास फारसा खर्च नाही. उत्तर होकारार्थी आले तर सिकलची परीक्षा करावी, जंतांचे औषध द्यावे, लोह द्यावयाचे ते परीक्षेनंतर द्यावे, आणि पुढच्या भेटीत आकड्याबरोबर ओढही विचारावी. ओढ ओसरली म्हणजे औषध लागू पडू लागल्याचा तो एक दाखला समजण्यास हरकत नाही.

एक अट मात्र आहे. हा प्रश्न हसून किंवा रागावून विचारला तर त्याला खरे उत्तर मिळणार नाही. सुदक्षिणेच्या मातीला कवीने सुगंध म्हटले, गावच्या बाईच्या मातीला आपण चोरी म्हणतो; वैद्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी शरीर एकच गोष्ट सांगत असण्याचा संभव आहे. मूलच्या आसपासच्या धानाच्या बांध्यांत चिखलात उभे राहून ज्या स्त्रिया रोवणी करतात, त्यांच्या रक्तातील लोहाचा हिशेब या जिल्ह्याच्या खनिजाच्या हिशेबाइतक्याच काळजीने ठेवला जावा, व तो ठेवताना त्यांचेही म्हणणे ऐकले जावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.